दांडा निखळतो, टिंब हरवतं: स्क्रोल सॉच्या प्रश्नांना उत्तरं

शाळेत फ्रेटवर्कच्या, म्हणजे लाकडात जाळी कापण्याच्या तासाला धनुष्यासारखी हातकरवत ज्यांनी चालवली असेल, त्यांना स्क्रोल सॉ लगेच कळेल. तेच बारीक उभं पातं, फक्त टेबलाच्या भोकातून मोटरवर वर-खाली होणारं. फळी आपण फिरवायची, पातं जागच्या जागी. या वेळच्या पत्रांत नव्यानं सुरुवात करणारे बरेच आहेत आणि बहुतेकांचा रोख मशीनवर आहे. खरं कारण बहुधा पात्याचा ताण, हाताचा जोर किंवा लाकडाचे रेषे यांतलं एक असतं.

प्रश्न: सोळा इंची मशीन घेऊन दोन महिने झाले. डझनभर पाती आठवड्यात संपतात. शिवाय सरळ रेघेवर कापायला जावं तर काप सारखा उजवीकडे पळतो. मशीन सदोष आहे का? (वाचक, सांगली)

आधी ताण तपासा. मशीन बंद ठेवून पातं मधोमध बोटानं बाजूला दाबा. ते एक सुतापेक्षा, म्हणजे सुमारे ३ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. नखानं छेडलं तर तारेसारखा स्वच्छ, उंच सूर यायला हवा. बसका आवाज आला तर ताण कमी आहे. सैल पातं वळणावर पिळवटतं, लाकडाच्या जाडीत पोट काढतं आणि तुटतं.

मग हाताकडे बघा. कापताना पातं मागे धनुष्यासारखं वाकलेलं दिसलं, तर तुम्ही ढकलताय. पातं बोथट झालं की आपल्या नकळत हात जोर लावतो आणि नेमकं तेव्हाच तुटतं. पाऊण इंची सागवानात पंधरा-वीस मिनिटं प्रत्यक्ष कापून झालं की पातं बदलून टाका, तुटायची वाट बघू नका. पात्याचा नंबरही जाडीला जुळायला हवा. नंबर वाढेल तसं पातं जाड, आणि २/० हे १ नंबरहून बारीक. ३ मिमी प्लायला २/० ते १ नंबर, ६ मिमीला ३, १२ ते १८ मिमीला ५ आणि त्याहून जाड लाकडाला ७ किंवा ९. २/० घालून पाऊण इंच कापायला गेलात तर डझन आठवडाभरही पुरणार नाही.

पातं तुटत नाही, नुसतंच ते धरणाऱ्या चिमट्यातून निसटतं अशी तक्रार असेल तर त्याचं कारण तेल. गंज धरू नये म्हणून नव्या पात्यांना कारखान्यात तेलाचा हात दिलेला असतो. दोन्ही टोकं थिनरच्या फडक्यानं पुसा आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदा घासा.

काप उजवीकडे पळणं हा मशीनचा दोष नाहीच. पट्टीतून दाते पाडताना पात्याच्या एका कडेला बारीक कंगोरा राहतो आणि ती कड जास्त कापते, म्हणून पातं तिकडे ओढ घेतं. फळी सरळ मागे न ढकलता किंचित उजवीकडे सारत ढकला. टाकाऊ तुकड्यावर पाचसहा सरळ रेघा कापल्यात की तुमच्या पात्याचा कोन हातात बसेल. नवा डझन काढलात की हे पुन्हा करा. दाते घासून काढलेली महाग पाती येतात, त्यांत ही ओढ कमी असते.

प्रश्न: घराच्या दारावर लावायला 'श्रीरंग' अशी अक्षरं सलग कापायची आहेत. सागवानाच्या अर्ध्या इंची फळीत दोनदा प्रयत्न केला. एकदा 'ग'चा दांडा निखळला, दुसऱ्यांदा शिरोरेषाच मोडली. अनुस्वाराचं काय करायचं तेही कळत नाही. (वाचक, नाशिक)

हा प्रश्न आम्हाला फार आवडला, कारण परदेशी नमुन्यांमध्ये त्याचं उत्तर सापडत नाही. रोमन अक्षरं सुटी असतात, ती एकेक कापून चिकटवली की झालं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. हा स्क्रोल सॉसाठी मोठा फायदा आहे, पण भार सगळा तिच्यावरच येतो.

तुमच्या दोन्ही प्रयत्नांत काय झालं ते बघा. पहिल्या वेळी फळीचे रेषे आडवे, शिरोरेषेच्या दिशेनं असणार. त्यामुळे शिरोरेषा भक्कम झाली, पण दांड्यात रेषे आडवे आले. 'ग'चा दांडा डावीकडच्या आकड्याला कुठेच जोडलेला नसतो, वर शिरोरेषेलाच काय तो लटकतो. जेमतेम अर्धा इंच लांबीचे आडवे रेषे त्याला धरून होते, ते सुटले. दुसऱ्या वेळी तुम्ही फळी फिरवून रेषे उभे घेतले असणार. दांडे टिकले, पण दोन अक्षरांमधल्या जागेत शिरोरेषा मोडली. देवनागरीला उभी आणि आडवी ताकद एकाच वेळी लागते आणि अखंड फळीत ती मिळत नाही. प्लायमध्ये मिळते, कारण त्याचे थर एकाआड एक काटकोनात चिकटवलेले असतात.

म्हणून १२ मिमी प्लाय घ्या. दार जिन्यात आडोशाला असेल तर बर्च प्लाय उत्तम, त्याच्या थरांत पोकळी नसते. फाटकावर किंवा पाऊस येतो अशा जागी पाटी लागणार असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. तो घट्ट असतो आणि त्यातला डिंक पाती लवकर बोथट करतो, पण पाण्याला टिकतो. सागवानाचाच रंग हवा असेल तर सागवानी व्हिनिअर लावलेला प्लाय मिळतो.

आता मापं. शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षर ११० मिमी उंच धरलं तर शिरोरेषा १४ मिमी जाड आणि दांडे १२ मिमी रुंद ठेवा. संगणकावरचा फाँट जसाच्या तसा छापू नका. वर-खाली बारीक होणारे लफ्फेदार फाँट कागदावर सुंदर दिसतात आणि लाकडात मोडतात. छापील अक्षरावर पेन्सिलीनं या दुरुस्त्या करा. 'श्री'च्या वेलांटीचं डावं टोक बऱ्याच फाँटमध्ये अधांतरी असतं. ते खाली आणून शिरोरेषेला टेकवा, म्हणजे कमानीला दोन पाय मिळतील. 'र'ची मान, जिथे गोलाई संपून तिरका पाय सुरू होतो, तिथे किमान ८ मिमी जाडी ठेवा. 'ग'च्या आकड्याचं खालचं बोंडूक थोडं लहान करा, जड टोक आधी तुटतं.

अनुस्वाराला दोन वाटा आहेत. तो खाली आणून ४ मिमीच्या मानेनं शिरोरेषेला जोडायचा, थेंब टेकल्यासारखा. लांबून वाचताना काही खटकत नाही. नाहीतर पाटीमागे ६ मिमीचा पाट लावायचा आणि टिंब वेगळं कापून त्यावर चिकटवायचं. आम्ही पाटाच्या बाजूचे आहोत, कारण त्यानं 'ग'चा दांडाही पाठीमागून धरला जातो. टिंब कापण्याआधी टेबलाच्या भोकावर जुनं प्लॅस्टिकचं कार्ड चिकटपट्टीनं बसवा आणि त्याला पात्यापुरतं १ मिमीचं भोक पाडा. नाहीतर सुटलेलं टिंब टेबलाच्या भोकातून खाली भुशात जातं.

कापायचा क्रम चुकवू नका. आधी आतल्या बंद जागा, म्हणजे 'श्र'चं पोट आणि वेलांटीखालची खिडकी. त्या प्रत्येकीत कोपऱ्याजवळ २ मिमीचं भोक पाडा, फळीखाली टाकाऊ तुकडा ठेवून, म्हणजे खालची बाजू फाटणार नाही. पातं वरच्या चिमट्यातून सोडवून भोकातून ओवा आणि पुन्हा ताणा. आतलं सगळं संपल्यावरच बाहेरची कड. बाहेरचं लाकूड शेवटपर्यंत राहिलं तर हाताला धरायला जागा राहते आणि दांड्यांना धक्का बसत नाही. ५ नंबरचं, शेवटचे काही दाते उलटे असलेलं पातं वापरा.

प्रश्न: न्यू जर्सीहून पुतण्या त्याचं जुनं स्क्रोल सॉ सामानातून आणतोय. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की चालेल ना? (वाचक, ठाणे)

मोटर कोणती आहे यावर ठरेल. मशीनवरची पट्टी त्याला फोटो काढून पाठवायला सांगा. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२० करतो, पण आपल्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारता तो बदलत नाही. अमेरिकेत ती ६० आहे. ठरावीक वेगाची इंडक्शन मोटर असेल, पट्टीवर १७२५ आरपीएम लिहिलेलं असेल, तर ती इथे सुमारे १४४० वर फिरेल आणि जास्त तापेल. थोडं कापून थांबायचं असेल तर निभावेल, तासभर सलग चालवू नका. वेग कमी-जास्त करायचं बटण असेल तर मोटर बहुधा डीसी असते. तिला हर्ट्झचा फरक पडत नाही, आणि तुमचं काम सोपं झालं.

ट्रान्सफॉर्मर मशीनच्या वॅटच्या दुपटीहून मोठा घ्या. दीडशे वॅटच्या मशीनला ५०० व्हीएचा निवांत चालेल. हेअर ड्रायर-इस्त्रीसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर मोटरला लावू नका. एक गोष्ट निघण्याआधी विचारून घ्या: पाती पिनवाली (टोकांना आडवी पिन असलेली) लागतात की साधी? फक्त पिनवाली लागत असतील तर आतल्या भोकासाठी चार-पाच मिमीची जागा लागते आणि नाजूक जाळी कापता येत नाही.

प्रश्न: वखारीत काय मागायचं? पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड चालेल का? आमच्याकडे पावसाळ्यात सगळंच फुगतं. (वाचक, चिपळूण)

शिकायला शिवण मागा. हलकी, सरळ रेषांची, वाळल्यावर फारशी वाकत नाही आणि पाती खात नाही. आंबा स्वस्त, पण भुंगेरा लागतो; भेट द्यायच्या वस्तूला तो लागला तर मान खाली जाते. सागवान देखणं आणि टिकाऊ. त्यात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते, आणि अंगचं तेल असल्यानं चिकटवण्याआधी थिनरनं पुसावं लागतं. शिसव कापल्यावर फार सुंदर दिसते. तिची धूळ मात्र कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. तुमच्या सावंतवाडीच्या बाजूला लाकडी फळांसाठी पांगारा वापरत आले आहेत. तो घडवायला हलका, पण जाळीकामाला फार मऊ, कडा तंतू सोडतात.

खोक्यांचा पाइन चालेल. खिळे शोधून काढा, गाठी टाळा. राळ पात्याला चिकटली की पातं तापतं.

फुगण्याचं म्हणाल तर लाकूड मे महिन्यात आणून घरातच, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, किमान दोन-तीन आठवडे ठेवा. पावसाळ्यात कापलेला जुळणीचा तुकडा एप्रिलमध्ये सैल होतो आणि उन्हाळ्यात कापलेला जुलैत अडकतो. जुळणीच्या वस्तू प्लायमध्येच करा. आणि कोणतंही लाकूड असो, एन-९५ मास्क लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे. स्क्रोल सॉ धूळ थोडी काढतो, पण ती बारीक असते आणि आपलं नाक तिच्यापासून वीतभर अंतरावर असतं.

प्रश्न: जाड शिसवीत कडा काळ्या पडतात आणि प्लायच्या खालून तंतू निघतात. (वाचक, कोल्हापूर)

काळेपणासाठी नमुन्याच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवा. तिचा थर पात्याला घसरतं ठेवतो. वेग थोडा उतरवा, मोठ्या दात्यांचं पातं घ्या. तंतूंसाठी उलट्या दात्यांचं पातं हवं आणि ते नीट बसायला हवं. पातं सगळ्यात वर असताना दोन किंवा तीन उलटे दाते टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. एकही दिसत नसेल तर उलट्या दात्यांचा उपयोग शून्य, सगळे दिसत असतील तर फळी उचलली जाऊन थडथडते.

प्रश्न: भाच्यांसाठी महाराष्ट्राच्या नकाशाचं जिल्हावार कोडं करायचं आहे. चांगलं जमलं तर दिवाळीआधीच्या प्रदर्शनात विकायचाही विचार आहे. (वाचक, पुणे)

कोडं या प्रकाराची सुरुवातच नकाशापासून झाली. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं १७६० च्या दशकात लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवर कापला, मुलांना भूगोल शिकवायला.

६ मिमी बर्च प्लाय घ्या, नकाशा पूर्व-पश्चिम ४५० मिमी. नकाशा लेझर प्रिंटवर काढा, इंकजेटची शाई लॅकरखाली पसरते. पांढऱ्या गोंदाचा पातळ हात देऊन चिकटवा, लाटण्यानं हवा काढा, रात्रभर वजनाखाली ठेवा आणि कापण्याआधी लॅकरचे दोन हात द्या, म्हणजे कागदाची कड फाटत नाही. काप बारीक राहावा म्हणून पातं इथे ३ ऐवजी २ नंबरचं.

कापण्याआधी टेबल पात्याशी काटकोनात आहे का ते बघा. गुण्यावर, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीवर, विसंबू नका. दोन इंच जाड ठोकळ्यात जेमतेम २ मिमी काप घ्या, ठोकळा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्या आणि तोच काप मागून पात्यावर सरकवा. पातं अलगद आत बसलं तर टेबल बरोबर. एक अंशही कललं असेल तर जिल्हे एकाच बाजूनं निघतील आणि मूल वरून उचलायला गेलं की शेजारच्यांना घेऊन उठतील.

सुरुवातीचं भोक किनाऱ्यावर एखाद्या खाडीच्या मुखाशी पाडा, तिथे ते लपतं. आधी राज्याची बाहेरची सीमा कापून चौकट वेगळी करा. मग सहा महसुली विभाग, आणि त्यानंतर एकेका विभागातले जिल्हे: कोकण ७, पुणे ५, नाशिक ५, छत्रपती संभाजीनगर ८, अमरावती ५, नागपूर ६. मोठ्या तुकड्यातून लहान काढत गेलात तर हाताला धरायला शेवटपर्यंत काहीतरी राहतं.

अडचण मुंबईची आहे. या मापाला मुंबई शहर जिल्हा करंगळीच्या नखाएवढा होतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती तो देऊच नका, घशात अडकेल. सुमारे ३२ मिमी व्यासाच्या नळकांड्यात मावेल असा कोणताही तुकडा त्या वयाला धोक्याचा मानतात. लहानग्यांसाठी फक्त सहा विभागांचं कोडं करा. मोठ्यांसाठी ३६ जिल्हे, त्यात मुंबई शहर आणि उपनगर मिळून एक तुकडा, वर दोन रंग.

विकण्याबद्दल. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी विकायच्या खेळण्यावर त्यानुसार आयएसआय चिन्ह लागतं. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना सूट आहे. म्हणून आधी कारागीर म्हणून नोंदणी करून 'पहचान' ओळखपत्र काढा. भाच्यांना भेट द्यायला अर्थातच यातलं काही लागत नाही.

प्रश्न: जाळीचे आकाशकंदील करून विकते. लोक म्हणतात महाग, आणि माझ्या हातात काही उरत नाही. किंमत कशी लावायची? (वाचक, मिरज)

आधी वेळ वाचवा. षट्कोनी कंदिलाच्या सहा बाजू सुट्या कापत असाल तर तिथेच दिवस जातोय. ३ मिमी प्लायचे तीन तुकडे एकावर एक ठेवून चारी कडांना मास्किंग टेपनं आवळा. मधे टाकून द्यायच्या भागात दुतोंडी टेपचा तुकडा लावा, म्हणजे थर सरकणार नाहीत. ९ मिमीची ही थप्पी ३ नंबरच्या पात्यानं कापा. दोन फेऱ्यांत सहा बाजू होतात आणि सगळ्या तंतोतंत सारख्या. सहाचीही थप्पी होते, पण १८ मिमीत बारीक जाळी वाकडी जाते.

मग हिशोब मांडा. आकडे तुमचे घाला, ही नुसती रीत. प्लाय आणि रंग १२० रुपये, तीन पाती ७५, होल्डर, वायर आणि दोरी ९०: साहित्य २८५. वेळ: भोकं पाडायला ३० मिनिटं, कापायला १००, घासून जोडायला ८०, म्हणजे साडेतीन तास. तासाला १२० धरले तर ४२०. दोन दिवसांच्या स्टॉलचं भाडं ३००० आणि विकल्या जाणाऱ्या वस्तू ४०, तर प्रत्येकीवर ७५. बेरीज ७८०. मोडतोडीसाठी दहा टक्के धरा, किंमत ८५० च्या पुढे जाते. सहाशेला विकत असाल तर तुमची मजुरी तुम्हीच गिऱ्हाइकाला देताय.

'महाग' म्हणणाऱ्यासाठी कंदिलाचा भाव पाडू नका. त्याच नमुन्याचे टेबलावर ठेवायचे दिवे, पणतीमागचे पडदे, किल्ल्यांच्या साखळ्या पुढे मांडा, शंभर-दीडशेच्या आतल्या. त्या उरलेल्या प्लायमधून निघतात. आणि एक कंदील स्टॉलवर पेटता ठेवा. जाळीचं काम सावली पडल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न: जाळीला अळशीचं तेल ब्रशनं लावताना कोपऱ्यांत साचतं. (वाचक, रत्नागिरी)

ब्रश नको. पसरट ताटात तेल ओतून जाळी दहा मिनिटं बुडवा, उभी करून निथळू द्या, मग फडक्यानं आणि कोपऱ्यांत कापूस गुंडाळलेल्या काडीनं पुसा. लहान मुलांच्या वस्तूंना कच्चं तेल वापरा. 'बॉइल्ड' म्हणून मिळणाऱ्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. कच्च्याला वाळायला आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

फडक्यांचं मात्र आजच बघा. अळशीच्या तेलानं भिजलेला बोळा वाळताना आतून तापतो आणि कोपऱ्यात टाकलेला ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी वापरून झाल्याबरोबर बाहेर दोरीवर सुटी-सुटी पसरून कडक वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. भुशाच्या पिशवीत तर मुळीच टाकू नका.